कुलूप कुणाचे, किल्ली कुणाची?

काळ्या, वजनदार टेलिफोनच्या चकतीला लावलेले ते चिमुकले कुलूप अनेकांना आठवत असेल. आकड्याच्या भोकात ते अडकवले की चकती फिरत नसे. बाहेरून आलेले फोन घेता येत, आपल्याला मात्र कुणाला फोन करता येत नसे. घरातली मोठी माणसे दुपारी पडली की शेजाऱ्यापाजाऱ्यांनी किंवा घरातल्याच कॉलेजकुमाराने परगावी फोन लावत बसू नये, एवढाच त्या कुलपाचा हेतू. पुढे इलेक्ट्रॉनिक एक्स्चेंज आली, एसटीडीची बिले पाहून लोकांच्या पोटात गोळा येऊ लागला, तेव्हा टेलिफोन खात्याने एक शहाणपणाची सोय दिली. ग्राहकाने आपला एक गुप्त आकडा ठरवायचा, तो फिरवून घरबसल्या एसटीडी बंद करायची आणि हवी तेव्हा पुन्हा उघडायची. कुलूप एक्स्चेंजमध्ये, किल्ली घरात.

आज घराघरांत इंटरनेटची तार आली आहे. तिलाही अशी कुलपे असतात. ती कंपनीच्या यंत्रांत बसवलेली असल्यामुळे डोळ्यांना दिसत नाहीत आणि त्यांची किल्ली बहुधा घरात नसते. घरगुती जोडणीवरची काही दारे, म्हणजे तंत्रज्ञांच्या भाषेत 'पोर्ट', कंपनीने बंद करावीत की नाहीत यावर जगभर गेली वीस-पंचवीस वर्षे वाद चालू आहे. वाद तंत्रज्ञांचा असला तरी दार आपल्या घराचे आहे. तेव्हा त्याबद्दल चार शब्द घरातल्या माणसांनीही बोलायला हरकत नसावी.

मी नोकरीची सगळी वर्षे बँकेत काढली, म्हणून मला पोर्ट ही भानगड काउंटरच्या भाषेत सोपी वाटते. बँकेच्या शाखेचा पत्ता एकच असतो, पण आत काउंटर अनेक. एकावर रोख भरायची, दुसऱ्यावर ड्राफ्ट काढायचा, तिसऱ्यावर पासबुक भरून घ्यायचे. इंटरनेटवरच्या प्रत्येक यंत्राला असाच एक पत्ता असतो आणि त्या पत्त्यावर शून्यापासून ६५,५३५ पर्यंत क्रमांकांचे काउंटर असू शकतात. बहुतेक रिकामेच असतात. काहींचे काम मात्र जगभर ठरून गेले आहे. ८० क्रमांकावर संकेतस्थळे चालतात आणि ४४३ वर तीच संकेतस्थळे बंद लिफाफ्यात चालतात. आपण बँकेचे व्यवहार करतो ते या दुसऱ्या काउंटरवरून. २५ क्रमांक ईमेलच्या टपालगाडीचा. ४४५ वर कार्यालयातले संगणक एकमेकांना फायली देतात. २३ हा जुना काउंटर, दूर बसून यंत्राला हुकूम सोडण्याचा. ७५४७ वरून इंटरनेट कंपन्या आपण घरी बसवलेल्या मोडेमची दुरून देखभाल करतात. पोर्ट बंद करणे म्हणजे त्या क्रमांकाच्या काउंटरकडे निघालेली पाकिटे कंपनीने वाटेतच अडवणे.

ती का अडवावीत? याचे उत्तर २५ जानेवारी २००३ या तारखेत मिळते. त्या दिवशी 'स्लॅमर' नावाचा एक संगणकीय किडा सुटला. आकार अवघा ३७६ बाइट. या परिच्छेदापेक्षाही लहान. तो १४३४ क्रमांकाच्या दारातून शिरत असे. सुरुवातीला दर साडेआठ सेकंदांनी त्याची संख्या दुप्पट होत होती आणि दहा मिनिटांत जगातली बहुतेक दुबळी यंत्रे त्याने गाठली होती. बँक ऑफ अमेरिकेच्या हजारो एटीएममधून लोकांना पैसे काढता येईनात. ज्या दोषातून तो शिरला, त्याची दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने सहा महिने आधीच, जुलै २००२ मध्ये दिलेली होती. ती ज्यांनी बसवली नव्हती त्यांच्यामुळे इतरांचीही रांग खोळंबली. दहा मिनिटांत पसरणाऱ्या किड्याला आवरायला घरोघरी जाऊन सांगण्याइतका वेळ कुणाकडे असणार? मोठमोठ्या कंपन्यांनी आपल्या नाक्यावरच ते दार लावून घेतले, तेव्हा कुठे वाहतूक सुरळीत झाली.

नंतर संकट दिवाणखान्यापर्यंत आले. २०१६ मध्ये 'मिराई' नावाच्या किड्याने संगणक सोडून कॅमेरे, राउटर आणि कॅमेऱ्यांची चित्रे साठवणारे डीव्हीआर पकडले. त्याची युक्ती अगदी भुरट्या चोराची होती. २३ क्रमांकाचे दार वाजवायचे आणि कारखान्यातून निघताना यंत्राला दिलेले साठेक ठरावीक पासवर्ड एकेक करून लावून पाहायचे. लाखो घरांत ते कधी बदललेलेच नव्हते. अशा पकडलेल्या यंत्रांचा वापर करून २१ ऑक्टोबर २०१६ रोजी अमेरिकेतल्या 'डिन' या कंपनीवर हल्ला झाला आणि ट्विटर, नेटफ्लिक्ससारखी संकेतस्थळे कित्येक तास उघडेनात. हा किडा लिहिणारे तीन अमेरिकी तरुण होते आणि त्यामागे 'माइनक्राफ्ट' या खेळाच्या धंद्यातली चढाओढ होती. पुढच्याच महिन्यात, नोव्हेंबर २०१६ च्या अखेरीस, त्याच्या एका भावंडाने ७५४७ क्रमांकाच्या दारावर धडका मारल्या आणि जर्मनीत डॉइश टेलिकॉमच्या सुमारे नऊ लाख ग्राहकांची जोडणी बंद पडली.

आपणही यातून सुटलो नाही. जुलै २०१७ मध्ये बीएसएनएल आणि एमटीएनएलच्या ग्राहकांचे हजारो मोडेम अशाच हल्ल्यात निकामी झाले. वृत्तपत्रांत साठ हजारांचा आकडा आला होता. मोडेमचा मूळ पासवर्ड बदला, असे आवाहन बीएसएनएलला करावे लागले. तो पासवर्ड काय असतो हे या क्षेत्रातल्या पोरासोरांनाही ठाऊक असते, ठाऊक नसते ते मोडेमच्या मालकाला.

मिराईने कॅमेरे पकडले त्या प्रकरणात एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. ज्याच्या घरातले यंत्र पकडले गेले, त्याला बहुधा काहीच त्रास झाला नाही. कॅमेरा नेहमीसारखाच चालू होता, मालिका नेहमीसारखीच दिसत होती. त्रास झाला तो दूरच्या दुसऱ्याच कुणाला. पावसाळ्यात महापालिकेची माणसे घरात येऊन कुंड्यांखालच्या ताटल्या आणि कूलरमधले पाणी तपासतात, तेव्हा 'माझे घर, माझी कुंडी' असे म्हणून चालत नाही. आपल्या ताटलीत वाढलेला डास शेजारच्या मुलाला चावणार असतो. घराच्या दाराचा प्रश्न केवळ घराचा राहत नाही तो इथे.

या न्यायाने चाललेले सर्वांत मोठे काम २५ क्रमांकाच्या दाराचे. किडे लागलेले घरगुती संगणक मालकाच्या नकळत रात्रंदिवस खोट्या जाहिरातींचे ईमेल जगाच्या पेटीत टाकत होते. जपानमधल्या कंपन्यांनी २००५ पासून घरगुती जोडणीवरून २५ क्रमांकाने थेट बाहेर जाणारी टपालगाडी थांबवायला सुरुवात केली. पत्र पाठवायचे तर आपल्या टपालकचेरीत, ओळख पटवून द्यायचे. त्यासाठी ५८७ हा वेगळा काउंटर. जपानच्या कायद्यात दळणवळणाची गुप्तता फार पवित्र मानलेली आहे. त्यामुळे लोकांची पाकिटे क्रमांक पाहून अडवणे कायद्यात बसते का, याचा तिथे आधी खल झाला आणि धंद्याला आवश्यक व न्याय्य कृती म्हणून ते मान्य झाले. अडवण्याआधी कायद्याचा विचार व्हावा, हे मला त्या गोष्टीत सर्वांत आवडते. पुढे ब्राझीलनेही तोच मार्ग धरला. आज बहुसंख्य कुटुंबे ४४३ च्या काउंटरवरून पत्रव्यवहार करतात, त्यामुळे २५ चे दार बंद असल्याचे त्यांना जाणवतही नाही.

इथवर वाचून कुणी म्हणेल, मग प्रश्न मिटला. लावा सगळी कुलपे. पण कुलूप लावण्याची सवय लागली की माणूस कशाकशाला कुलूप लावतो, हेही पाहायला हवे.

अमेरिकेच्या नॉर्थ कॅरोलिना राज्यात मॅडिसन रिव्हर नावाची एक टेलिफोन कंपनी होती. ती गावोगावी फोन देई आणि इंटरनेटही देई. तिच्या ग्राहकांनी इंटरनेटवरून व्होनेज या कंपनीची स्वस्त फोनसेवा घेतली आणि ती चालेना. कारण मॅडिसन रिव्हरने इंटरनेट-फोनला लागणारी दारे बंद केली होती. इथे कुठला किडा नव्हता. धोका होता तो तिच्या स्वतःच्या फोनच्या बिलाला. मार्च २००५ मध्ये सरकारी नियामकाने लक्ष घातले तेव्हा कंपनीने १५,००० डॉलर भरले आणि दारे उघडली. आपल्याकडे तर एप्रिल २००२ पर्यंत इंटरनेटवरून फोन करायला परवानगीच नव्हती. मुलगा परदेशी शिकायला गेलेल्या घरांत त्या काळी मिनिटामिनिटाचा हिशेब करून बोलत, ते आठवावे. आज व्हॉट्सअ‍ॅपवर नातवंडाचे तोंड फुकट दिसते. तीच पाकिटे, तीच तार. मधले कुलूप तेवढे गेले.

तेव्हा पहिला प्रश्न हा, की कुलूप कुणाला वाचवते? शेजाऱ्याला वाचवत असेल तर ते समजण्यासारखे आहे. ग्राहकाला वाचवत असेल तर ग्राहकाला विचारून लावावे. आणि कंपनीच्या गल्ल्याला वाचवत असेल तर ते लावूच नये. तिन्ही कुलपे दिसायला सारखीच असतात, ही खरी अडचण आहे.

दुसरा मुद्दा व्यवहारातला. शाखेतले बाकीचे काउंटर बंद करून एकच उघडा ठेवला, तर लोक व्यवहार करायचे थांबत नाहीत. सगळे त्या एकाच काउंटरवर येतात. इंटरनेटवर हेच झाले आहे. बाकीची दारे कुठे उघडी, कुठे बंद याची खात्री नसल्यामुळे नवे काही बनवणारा माणूस ते मुकाट्याने ४४३ मधूनच काढतो. फोन, चित्रपट, खेळ, कार्यालयाचे काम, सगळे त्याच दारातून. लबाडांनाही ही वाट सापडली आहेच. म्हणजे उद्या क्रमांक पाहून बरे-वाईट ओळखण्याचा उपायच निकामी होत जाणार. औषध थोडे आणि नेमके द्यावे, ते याच कारणासाठी.

तिसरा मुद्दा मला सर्वांत जिव्हाळ्याचा वाटतो. आमच्या सोसायटीतल्या एका निवृत्त प्राध्यापकांचे कोकणात वडिलोपार्जित घर आहे. तिथे आता कुणी राहत नाही. त्यांनी तिथे इंटरनेट घेतले, अंगणात कॅमेरा लावला आणि पुण्यात बसून पावसात ओटी गळते आहे का, हे पाहायची इच्छा धरली. चित्र दिसेना. कॅमेरेवाल्याने राउटरला दोष दिला, राउटरवाल्याने कॅमेऱ्याला. इंटरनेट कंपनीच्या फोनवर दर वेळी 'मोडेम बंद करून पुन्हा चालू करा' एवढाच मंत्र मिळे. तीन आठवड्यांनी एका जाणत्या मुलाने उलगडा केला. बाहेरून घरात यायचे दारच त्या जोडणीला नव्हते.

याचे कारणही समजून घेण्यासारखे आहे. इंटरनेटचे जुन्या पद्धतीचे पत्ते एकूण सुमारे ४२९ कोटी. जगातली माणसे ८०० कोटींच्या वर. आशिया-पॅसिफिकच्या वाट्याचा पत्त्यांचा साठा एप्रिल २०११ मध्येच तळाला गेला. म्हणून आपल्याकडच्या कंपन्या एकेका पत्त्यावर अनेक घरे बसवतात. जुन्या कचेरीतल्या टेलिफोन बोर्डासारखे हे आहे. आतून शून्य फिरवून बाहेर फोन लागतो, बाहेरून मात्र थेट तुमच्या टेबलावर फोन येत नाही. हे कुलूप कुणी मुद्दाम लावलेले नाही, टंचाईने लागले आहे. परिणाम मात्र तोच. नव्या पद्धतीच्या पत्त्यांची टंचाई नाही आणि भारतात त्यांचा वापर मोठ्या प्रमाणावर सुरूही झाला आहे. पण तिथे घरातल्या प्रत्येक यंत्राला स्वतःचा पत्ता मिळू शकतो, म्हणजे दार राखण्याचे काम आणखी जपून करावे लागणार. काही कॅमेरे तर राउटरला परस्पर सांगून स्वतःसाठी दार उघडून घेतात. घरातल्याच कुणी रात्री आतून कडी काढावी, तसे.

प्राध्यापकांचे दुःख दार नसण्याचे नव्हते. तसे आधी सांगितले असते, तर त्यांनी दुसरी सोय केली असती. दुःख होते ते न सांगण्याचे. बँकेत आम्ही रोज चेक परत करत असू. शिल्लक पुरेशी नाही, सही जुळत नाही, तारीख उलटून गेली. पण परत जाणाऱ्या प्रत्येक चेकला एक मेमो जोडावा लागे आणि त्यावर कारण लिहावे लागे. खातेदार कितीही लहान असो, मेमोशिवाय चेक परत करण्याची मुभा मॅनेजरलाही नव्हती. इंटरनेटच्या बंद दारावर गेलेले पाकीट दोन प्रकारे अडवता येते. 'इथे प्रवेश नाही' असा निरोप उलट पाठवता येतो, किंवा पाकीट नुसतेच फेकून देता येते. बहुतेक वेळा ते फेकले जाते. पाठवणारा वाट पाहत बसतो. चोराला सुगावा लागू नये, असे कारण त्याला देतात आणि त्यात तथ्यही आहे. पण चोराला निरोप द्यायचा नसला, तरी भाडे भरणाऱ्या घरमालकाला बंद दारांची यादी द्यायला काय हरकत आहे?

मग करावे काय? उत्तर शोधायला फार दूर जायला नको. आपल्या रिझर्व्ह बँकेने १५ जानेवारी २०२० रोजी एक परिपत्रक काढले आणि त्याच वर्षीच्या ऑक्टोबरपासून ते अमलात आले. नवे डेबिट किंवा क्रेडिट कार्ड हाती येते तेव्हा ते देशातल्या एटीएमवर आणि दुकानातल्या यंत्रावर तेवढे चालते. परदेशातला वापर, ऑनलाइन खरेदी, नुसते टेकवून पैसे देणे, ही दारे मुळात बंद. ज्याला हवी त्याने मोबाइलवरून, एटीएमवरून किंवा फोन करून उघडावीत, नको तेव्हा मिटावीत. सोय चोवीस तास. ज्या आजींना ऑनलाइन खरेदी करायचीच नाही, त्यांना काही न करता संरक्षण मिळते. ज्या नातीला करायची आहे, तिला कुणाची मनधरणी करावी लागत नाही. एसटीडीच्या गुप्त आकड्यातले तत्त्वच हे. कुलूप संस्थेकडे, किल्ली ग्राहकाकडे.

इंटरनेटलाही हेच लागू करता येईल. इतरांना उपद्रव देणारी मोजकी दारे घरगुती जोडणीवर मुळात बंद असावीत. बाहेर जाणारे २५, बाहेरून आत येणारे २३ आणि ४४५ यांसारखी. ७५४७ चे दार कंपनीच्या स्वतःच्या यंत्रांखेरीज कुणाला उघडे नसावे. या बंद दारांची यादी, कारणासह, जोडणीच्या कागदावर मराठीत छापलेली असावी. आणि ज्याला दार हवे, त्याला ते ओळख पटवून, जबाबदारी स्वीकारून, मोफत उघडून मिळावे. स्वतंत्र पत्त्याचे पैसे कंपनीने घेतले तर समजू शकते, पत्ते खरोखरच टंचाईचे आहेत. नुसती कडी काढण्याचे पैसे मात्र घेऊ नयेत. दार उघडल्यावर त्या घरातून उपद्रव सुरू झाला, तर ते पुन्हा लावण्याचा अधिकार कंपनीला असावा, पण मेमोसह.

हे आपल्या धोरणाच्या विरुद्ध आहे असेही नाही. दूरसंचार नियामक प्राधिकरणाने नोव्हेंबर २०१७ मध्ये शिफारशी केल्या आणि सरकारने जुलै २०१८ मध्ये त्या स्वीकारल्या. इंटरनेटवरच्या मजकुरात कंपनीने भेदभाव करू नये. जाळ्याच्या सुरक्षिततेसाठी काही अडवावे लागले तर ते प्रमाणात, तात्पुरते आणि पारदर्शक असावे, असा त्यांचा आशय आहे. तिसरा शब्द पारदर्शक. माझ्या स्वतःच्या जोडणीचे सगळे कागद मी काढून पाहिले. वेग आहे, दर आहे, उशिरा बिल भरल्याचा दंडही आहे. कोणती दारे बंद आहेत, याबद्दल एक ओळ नाही.

यावर एक आक्षेप मला स्वतःलाच सुचतो आणि तो हलका नाही. किल्ली ग्राहकाच्या हाती दिली की तिच्यावर डोळा ठेवणारेही येतात. बँकेच्या नावाने फोन करून ओटीपी काढून घेणारे महाभाग उद्या इंटरनेट कंपनीच्या नावाने फोन करतील आणि 'आजोबा, जरा ते २३ चे बटण दाबा' म्हणतील. हे होईल. पण त्यावर उपाय किल्ली काढून घेणे हा नव्हे. कार्डाची सोय बदलली की लगेच निरोप येतो, तसा इथेही यावा. दार उघडण्याआधी एक दिवस जाऊ द्यावा. घरातल्या दुसऱ्या एखाद्या नंबरावरही कळवावे. सुरक्षिततेच्या नावाखाली माणसाला कायमचे अज्ञान ठेवले, तर तो सुरक्षित होत नाही, परावलंबी होतो.

आणि दार हवे असणारी माणसे थोडी असली तरी ती बिनमहत्त्वाची नाहीत. इचलकरंजीतल्या किंवा लातूरमधल्या एखाद्या मुलीला घरातल्या जुन्या संगणकावर स्वतःचे संकेतस्थळ चालवून पाहायचे असते. एखाद्या सनदी लेखापालाला आपल्या अशिलांच्या फायली दुसऱ्याच्या कपाटात न ठेवता स्वतःच्या घरातल्या यंत्रावर ठेवायच्या असतात. जगातले पहिले संकेतस्थळ जिनिव्हाजवळच्या सर्न या प्रयोगशाळेत टिम बर्नर्स-ली यांच्या टेबलावरच्या संगणकावर चालत होते. ते सुरू करायला तार पुरवणाऱ्या कुणा कंपनीकडे अर्ज करावा लागला नव्हता. घरात येणाऱ्या तारेवर फक्त घ्यायचे आणि द्यायचे काहीच नाही, असे ठरून गेले, तर ते घर गिऱ्हाईक म्हणूनच उरते.

पुढच्या महिन्याचे बिल आले की कंपनीला तीन ओळींचे पत्र लिहावे. माझ्या जोडणीवरची कोणती दारे बंद आहेत? कोणत्या कारणासाठी? आणि उघडायची झाल्यास काय करावे लागेल? सोसायटीने मिळून जोडणी घेतली असेल, तर हेच तीन प्रश्न सर्वसाधारण सभेत मांडून कंपनीकडून लेखी उत्तर घ्यावे. तोवर एक काम आजच्या रविवारी करता येण्यासारखे आहे. मोडेम आणि कॅमेऱ्याचा कारखान्यातून आलेला पासवर्ड बदलावा. नवा वहीत लिहून वही कपाटात ठेवली तरी चालेल. तो चोर कपाटापर्यंत येत नाही.